एक शून्य, मंडईची रात्र

जिंकलो. एक शून्य.
तरी रपट्यावर बसलेल्यांपैकी
एकाचंही तोंड गोड नाही.

तिकडे मंडईत पाळणा फिरतोय,
"नाटकाचा पडदा बरोबर दहाला" म्हणून भोंगा घसा फोडतोय,
आणि इथे माझ्या पंक्चरच्या दुकानापुढे
अकरा पोरांची चिरफाड चालू.

"हाव, जिंकलो. पण खेळलो का बे?"
ठेंगरी गुरुजी. रिटायर होऊन आठ वर्षं झाली,
लाल पेन अजून खिशातच.
"पह्यली पंचवीस मिनटं पोट्टे
बांधीतल्या बगळ्यावानी एका पायावर उभे.
चेंडू येईन, मंग हलू!"

रज्जाकनं सिमेंटवर मैदान मांडलं.
उकडलेले शिंगाडे आपले,
टरफलं पारडीची.
"हे पाहा, डावीकडून तीनदा घुसले. तीनदा!
आपला लेफ्ट बॅक कुठी होता?"
सगळे वाकून शोधू लागले.
लेफ्ट बॅक कोणीतरी खाऊन टाकला होता.

"अन् गोल?"
"गोलाचं नाव नको काढू.
कॉर्नर आला, जितूच्या खांद्याले लागला, गेला.
डोये मिटून होता तो."
हे त्याचा सख्खा काका म्हणतो, मोतीराम मडावी,
ज्यानं गोल झाल्यावर
स्वतःची नवी चप्पल नाल्यात भिरकावली होती
आणि आता एक पाय उघडा घेऊन बसलाय.

फक्त प्रणितवर कोणी बोट ठेवत नाही.
शेवटच्या मिनिटाला पारडीचा दहा नंबर, सुखदेव कुमरे,
एकटा सुटला होता.
मारला. आणि प्रणितनं तो
बहिणीचं लेकरू घ्यावं तसा
अलगद उरावर घेतला.
"तिथं मॅच जिंकली," गुरुजी म्हणाले. "पोट्टा वाघ हाय."
भजीवाली शेवंता कढई घासता घासता बोलली,
"सुखदेव आमच्या वनिताचा दीर होय.
जेवाले बलावलं हाय त्याले आज.
दोन घास तरी उतरतीन का बिचाऱ्याच्या घशाखाली."

मी काही बोललो नाही.
चेंडू माझ्या मांडीवर होता.
मध्यंतरात प्रणितच घेऊन आला होता,
"काका, दोन पंप मारून द्या."
मारले. कानाशी धरला.
सुई कापडातून जावी एवढा आवाज.
तेवढ्यात शिट्टी झाली.
चालते, म्हणालो मी.

आता शिवण उसवून ब्लॅडर काढलं,
टोपल्यातल्या पाण्यात दाबलं.
बुडबुडे. एकामागे एक,
अगदी सावकाश, कोणालाच घाई नसल्यासारखे.
बाभळीचा काटा असावा.

"अजाबराव, तू काऊन गप्प?
तुह्यं काय म्हणणं हाय?"

"डिफेन्स बरा होता," मी म्हणालो.
गुरुजींनी मान डोलावली, रज्जाकनं नाही.
आणि गोष्ट पुन्हा डाव्या बाजूवर गेली.

कानशीनं घासलं. सोल्यूशन लावलं. फुंकर घातली.
मंगळवारी पारडीची मंडई,
चेंडू हाच.

साडेनऊला रपट्यावर सायकलची घंटी वाजली.
सुखदेव. जेवून परत निघालेला.
सगळे गप्प. रज्जाकनं शिंगाड्यांवर दुपट्टा टाकला,
जणू काही नकाशाच चोरीला जाणार होता.
"काका, मागच्या चाकात हवा कमी वाटते."

चाक ठीक होतं. थोडं नरम, बस.
तरी मी पंप लावला
आणि मारत राहिलो, मारत राहिलो,
तोच म्हणाला, "बस ना काका, फुटन."
अंगठ्यानं दाबून पाहिलं. दगड.

"किती झाले?"
"राहू दे."

तो नाला ओलांडून अंधारात गेला.
"पैसे काऊन नाई घेतले बे?" मोतीरामनं विचारलं.
मी टोपल्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं.
"पाहुणा होता," म्हणालो.